तलावाच्या वाटेची हरकत : विकास योजनेच्या सुनावणीपर्यंत

९ ऑगस्ट २०२४ च्या पेपरात, निविदांच्या गर्दीत, आमच्या नगर पंचायतीची एक जाहीर सूचना होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६, कलम २६ खाली शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली आहे, नकाशा कार्यालयात पाहायला ठेवला आहे, हरकती व सूचना ३० दिवसांत लेखी द्याव्यात. माझं तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अशा सूचना रोज हाताखालून जातात, वाचत कोणी नाही. ही मी वाचली, कारण तलावाकाठच्या रिकाम्या प्लॉटवर दोन महिन्यांपूर्वीच फलक लागला होता: तळमजला अधिक चार मजले, 'लेक व्ह्यू'. आणि त्याच सुमारास घाटाकडे जाणाऱ्या बोळीच्या तोंडाशी काटेरी तार आली होती.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली तेव्हापासून कागदोपत्री शहर. तलाव मात्र त्याहून कितीतरी जुना, मालगुजारीच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातला. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. मालगुजारी १९५१ ला गेली आणि ते सरकारकडे आले, म्हणून कागदावर 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात मामा तलाव. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले जिल्हा परिषदेकडे असतात, आमचाही तसाच. तुडुमातून (पाणी सोडायच्या तोंडातून) खालच्या धानाला पाणी जातं, ढीवर समाजाची सोसायटी मासेमारी करते, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला इथेच येतात, आणि पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) टोकाला बायांचा घाट आहे. त्या घाटावर जायला एकच बोळ. तिथे तार लागल्यावर बाया पाळीवरून मोठा वळसा घालून जाऊ लागल्या, डोक्यावर धुण्याची बालटी घेऊन.

नकाशा पाहायला गेले तर तो भिंतीवर टांगलेला होता, वरून प्लास्टिक, त्यावर ट्यूबलाइटची चमक. तलाव निळा, रहिवासी विभाग पिवळा. दक्षिणेकडे पिवळा थेट निळ्याला भिडलेला. मध्ये हिरवी रेघ नाही, घाट नाही, बोळ तर नाहीच. नकाशाजवळच्या बाबूंना विचारलं तर म्हणाले, "ताई, सातबाऱ्यावर रस्ता नाही ना, मग नकाशात कुठून येईल?" उत्तर रोखठोक होतं आणि पुढच्या सगळ्या धावपळीची दिशा त्यातच होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र पोटात गोळा आला. लोकांचे फॉर्म मी भरते, पण स्वतःच्या नावाने सरकारच्या नकाशावर बोट ठेवायचं हे वेगळंच.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. नकाशाचा मोबाइलवर फोटो काढू देतात, पण चमकेमुळे काही दिसत नाही. आपल्या भागाची छापील प्रत मागावी. मला सही-शिक्क्याची रंगीत प्रत साडेतीनशे रुपयांना पडली. आणि तारखा मोजून ठेवाव्यात. राजपत्रात सूचना ८ ऑगस्टला आली होती, म्हणजे मुदत ७ सप्टेंबरला संपणार. तो शनिवार, वर गणेशचतुर्थी. २ तारखेला पोळा. म्हणजे खरी शेवटची तारीख शुक्रवार, ६ सप्टेंबर. दुकानाच्या कॅलेंडरवर मी ती लाल पेनाने गोल केली.

सुरुवात घरबसल्या केली. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडला, बोळीच्या दोन्ही बाजूंचे गट शोधले, प्रत्येकाचा डिजिटल सातबारा पंधरा रुपयांना काढला. बाबूंचं म्हणणं खरं निघालं. बोळ एका खाजगी गटाच्या पोटातून जात होती आणि सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नव्हता. दुकानात मुलांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग त संपलंच."

संपलं नव्हतं, आणि हे विदर्भातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत काही कलमं फक्त विदर्भासाठी आहेत. कलम १६१ चं निस्तार पत्रक: गावातली कोणती सरकारी जमीन गुरचरणाला, कोणती स्मशानाला, आखराला (गुरं गोळा करायच्या जागेला), बाजाराला, रस्त्याला. आणि कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज: जी जमीन किंवा पाणी सरकारचं नाही, त्यावर गावकऱ्यांचे जे रूढ हक्क आहेत, म्हणजे पाणी घेण्याचा, वाटेचा, मासे धरण्याचा, त्यांची नोंद. खाजगी गटातल्या बोळीला निस्तार पत्रकाचा उपयोग थोडा, वाजिब-उल-अर्जचा पूर्ण. हा फरक मला सांगितला तो एका निवृत्त कोतवालकाकांनी, चहा पिता पिता. आमच्या तहसीलच्या तरुण कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी हा शब्द ऐकला नसावा.

नक्कल मागितली तर "जुना रेकॉर्ड सापडत नाही" हे उत्तर तयार होतं. मग दोन अर्ज एकाच दिवशी दिले. एक साधा नकलेचा, दुसरा माहिती अधिकाराचा. माहिती अधिकाराला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर परत येतो. मी 'माहिती द्या' असं लिहिलं नाही. 'मौजाच्या निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि अधिकार अभिलेख १९५४-५५ यांचं अवलोकन करू द्यावं' असं लिहिलं. प्रत शोधून द्यायचा कंटाळा असतो, पण 'तुम्हीच या आणि शोधा' म्हणायला बाबू लोक तयार असतात.

अभिलेख कक्षात मला एक दुपार मिळाली. लाल कापडात बांधलेले बस्ते, गाठी इतक्या आवळलेल्या की रेकॉर्डकीपर मॅडमनी त्या दाताने सोडवल्या. आत पिवळी पडलेली पानं, कडा झडून खाली भुकटी सांडलेली. अक्षर मात्र काय सुरेख, बोरूच्या शाईचं, निम्मे शब्द उर्दू-फारसी वळणाचे. मॅडम आधी घड्याळाकडे पाहत होत्या, पण पानं उलटताना त्यांनाच गोडी लागली. नोंद त्यांच्याच बोटाखाली सापडली: त्या खसऱ्यातून (गटाच्या जुन्या क्रमांकातून) तलावाच्या घाटावर जाण्याचा रस्ता, वहिवाट सर्व गावकऱ्यांची, माणसं आणि गुरं. रुंदी कड्यांत, म्हणजे जुन्या मोजणी साखळीच्या मापात दिलेली. हिशेबाने बोळ दहा फुटांच्या आसपास भरली. मॅडम म्हणाल्या, "घ्या बाई, आत्ताच प्रमाणित करून घ्या, पुन्हा बस्ता बांधला की माझ्याच्यानं निघणार नाही." नकलेचे पैसे किरकोळ होते. त्या कागदाला मी दुकानात आल्यावर आधी लॅमिनेशन करणार होते, मग आठवलं की लॅमिनेट केलेला दस्त काही ठिकाणी चालत नाही. साध्या फाइलीत ठेवला.

आता हरकत लिहायची, आणि इथे आमच्यातच जुंपली.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष, घाटावरच्या चार-पाच बाया, दोन शिक्षक आणि मी असे पाळीवर बसलो. बहुतेकांचं म्हणणं सोपं होतं: बोळ दहा फूट आहे, ती चाळीस फुटी रस्ता म्हणून योजनेत मागा, म्हणजे कोणाच्या बापाला पुन्हा तार लावता येणार नाही. मलाही ते पटत होतं. नगर रचना विभागातून निवृत्त झालेले नात्यातले एक काका नागपूरला असतात, त्यांना फोन स्पीकरवर लावला. ते म्हणाले, "रस्ता रुंद मागाल तर इमारत उंच होईल."

अध्यक्षांनी विचारलं, "काऊन जी? रस्त्याचा अन् उंचीचा काय संबंध?"

काकांनी समजावलं ते असं. आपल्याकडे आता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, डिसेंबर २०२० पासून, नगर पंचायतींनाही तीच. त्यात किती बांधता येईल हे प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गावठाणाबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१, त्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा पैसे, भरून जास्तीचं मिळत नाही. रस्ता ९ मीटर झाला की अधिमूल्याचं आणि हस्तांतरणीय हक्काचं (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन इथे वापरण्याचं) दार उघडतं, १२ मीटर झाला की आणखी. चाळीस फूट म्हणजे १२ मीटरच. आपण घाटासाठी रस्ता मागायचा आणि त्याच रस्त्याच्या जोरावर घाटाच्या डोक्यावर मजले चढायचे.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "मजले वर गेले त गच्चीतून सगळा घाट दिसते बाई. आंघोळ कुठं करावं बायकांनी?"

मला वाटतं आमच्या हरकतीतला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच होता आणि तो ना काकांना सुचला, ना मला. मी पर्यावरणाच्या मोठ्या गोष्टी लिहायच्या विचारात होते. एका शिक्षकांनी पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा मुद्दा घाला म्हटलं. पण त्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी वगळलेली आहेत आणि मामा तलाव नेमके तेच. समुद्रकाठाला सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा पट्टा) असतं, नदीला जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा असते (निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या). आमच्या तलावाला यातलं काही नव्हतं. ज्या कायद्यात आपण बसत नाही तो हरकतीत घातला की ऐकणारा साहेब तोच धरून बसतो आणि बाकीचं राहून जातं.

म्हणून मागण्या तीनच ठेवल्या. एक, वाजिब-उल-अर्जप्रमाणे असलेली वाट आहे त्या रुंदीत, वाहनांचा रस्ता म्हणून नव्हे तर पादचारी मार्ग म्हणून दाखवावी, आणि घाटाला आरक्षण द्यावं, म्हणजे ती जागा सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवावी. दोन, तलावाच्या पूर्ण संचय पातळीपासून (तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथून) १५ मीटरचा पट्टा पिवळ्यातून काढून हिरवा करावा. तीन, सांडव्याचा (तलाव भरल्यावर जादा पाणी वाहून नेणारा) नाला प्रत्यक्षात आहे तेवढा रुंद नकाशात दाखवावा, त्यावर काही येऊ नये. तिसऱ्यासाठी समजावत बसावं लागलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरला अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

उंचीवर मर्यादा घाला अशी चौथी मागणी मी मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात, विनंती म्हणून लिहिली. काकांनी आधीच सांगितलं होतं की उंची राज्याच्या नियमावलीने ठरते, एका गावाची नियोजन समिती ती बदलू शकत नाही. पण लिहून ठेवायला हरकत नव्हती, मावशीचा मुद्दा तिथेच येणार होता.

लिहिताना शिकलेलं थोडं: प्रत्येक मागणीपुढे गट क्रमांक, नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने तेवढाच भाग, आणि सोबत कोणता कागद जोडला ते. 'गावावर अन्याय होत आहे' हे वाक्य शिक्षकांनी तीनदा घातलं, मी तीनदा काढलं. एकाच मजकुराच्या शंभर प्रती देण्यापेक्षा सोसायटीची वेगळी, बचत गटाची वेगळी आणि शेतकऱ्यांची वेगळी अशा हरकती दिल्या, ज्याचा जो वापर तो त्याने लिहिला. सुनावणीला प्रत्येकाला स्वतंत्र बोलावतात. ५ सप्टेंबरला दिल्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. तिथला मुलगा "शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या" म्हणाला, तर साहेब येईपर्यंत बाकावर बसले.

तारेचं काय, तर ते काम विकास योजनेचं नव्हे. त्यासाठी सोसायटीने तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा टाकला. शेती, चराई, मासेमारीच्या जागेकडे जाणारी रूढ वाट कोणी अडवली तर हा दावा चालतो, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. तार जूनमध्ये लागली होती, दावा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. योजनेच्या नादात ही मुदत निसटते, म्हणून इथेच सांगून ठेवते.

मग वाट पाहणं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नगर पंचायतीत सगळं थंडावलं. धानकापणी झाली, दिवाळी झाली, मंडई (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) झाल्या. फलकावर 'बुकिंग सुरू' असं नवीन लागलं. मला रोज कोणीतरी विचारायचं, "ताई, त्याचं काय झालं?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. प्लॉटवाल्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ दुकानात येऊन फार गोड बोलून गेले. धमकी नाही, काही नाही. फक्त दुकानाचा परवाना कधी नूतनीकरण करायचा आहे ते विचारलं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी परवान्याचे सगळे कागद काढून तपासले, शुल्क भरलं आणि पावती काउंटरच्या मागे चिकटवली.

सुनावणीचं पत्र जानेवारीत आलं, तारीख २१ जानेवारी २०२५. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीत नगर पंचायतीचे तीन सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. पत्रात वेळ ११ ची होती, नंबर दुपारी तीनला लागला. डबा न्यावा. पाण्याची बाटलीसुद्धा.

आत पाचेक मिनिटं मिळाली. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले आणि सरळ वाजिब-उल-अर्जची नक्कल टेबलावर ठेवली. बाहेरून आलेल्या सदस्यांपैकी एका वयस्क साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि शेजारच्या तरुण अधिकाऱ्याला म्हणाले, "हे तुम्ही पाहिलं होतं का?" त्याने नकारार्थी मान हलवली. मग मला विचारलं, "तुम्ही रस्ता रुंद का मागत नाही? सगळे तर रुंदच मागतात." मी कारण सांगितलं. साहेब हसले, बाकीचे हसले नाहीत. उंचीच्या मुद्द्यावर ते म्हणाले की तो आमच्या अखत्यारीत नाही. तेव्हा माझ्यामागे उभ्या असलेल्या मावशींनी, त्यांचा नंबर नसताना, घाटाचं सांगितलं. सदस्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. हे कार्यवृत्तात आलं की नाही ते मी नंतर माहिती अधिकारातून पाहिलं. आलं होतं, एका ओळीत: 'महिलांच्या खाजगीपणाचा मुद्दा उपस्थित केला.'

निघताना, तोंडी बोललेलं सगळं एका पानावर लिहून नेलं होतं ते समितीच्या लिपिकाकडे देऊन पोच घेतली. हे कोणी सांगत नाही, पण करावं.

फेब्रुवारीत तहसीलदारांनी स्थळ पाहणी केली, पंचनामा झाला, आणि मार्चमध्ये तार काढण्याचा आदेश आला. प्लॉटवाले त्याविरुद्ध वर गेले आहेत, ते प्रकरण अजून सुरू आहे. तार मात्र निघाली. सोसायटीच्या पोरांनी खांब उपटून एका बाजूला रचून ठेवले, पावतीसह, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे.

समितीच्या शिफारशींनंतरची सुधारित योजना जूनमध्ये पाहायला मिळाली. पुन्हा तोच प्लास्टिकमागचा नकाशा. घाटाला आरक्षण मिळालं, वाट ३ मीटरचा पादचारी मार्ग म्हणून आली, सांडव्याचा नाला दुरुस्त झाला. हिरवा पट्टा मात्र अर्धाच मिळाला; सरकारी खसऱ्याच्या बाजूने हिरवा, खाजगी गटांच्या बाजूने पिवळा तसाच पाण्याला लागून. तिथे बांधकाम होईल. किती मजल्यांचं ते त्या गटाला दुसऱ्या बाजूने कोणता रस्ता मिळतो यावर आहे, आणि मागे १२ मीटरचा एक रस्ता प्रस्तावित आहेच. मला याचा राग आहे आणि तो जायचा नाही. अध्यक्षांचं म्हणणं वेगळं. वाट राहिली, मासे राहिले, बाकी वर कोण राहते त्याच्याशी आपल्याला काय, असं ते म्हणतात. बाया त्यांच्याशी सहमत नाहीत.

सगळा खर्च, जाणं-येणं धरून, दोन हजारांच्या आत बसला. टायपिंग आणि झेरॉक्स घरचं असल्यामुळे. दुसऱ्या कोणाला हजारभर रुपये जास्त लागतील. वकील योजनेच्या कामात लागला नाही, तहसीलच्या दाव्यात सोसायटीने केला.

योजना आता कलम ३१ खाली शासनाच्या मंजुरीसाठी गेली आहे. शासन त्यातही बदल करू शकतं, आणि बदल मोठे असतील तर पुन्हा सूचना निघते, पुन्हा मुदत लागते. म्हणून नागपूर विभागाचं राजपत्र दर गुरुवारी पाहते. संकेतस्थळावर फुकट मिळतं. तुमच्या गावाची योजना यायची असेल तर त्याच्या आधीच तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन वाजिब-उल-अर्जची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. मुदतीच्या ३० दिवसांत तो बस्ता सुटेलच असं नाही.